भुरट्या चोरीची किंमत

घाटंजीच्या काळ्या शिवारात फुटलेला कापूस झाडावर असेपर्यंत कायद्याच्या लेखी जमिनीचाच भाग असतो. वेचणाऱ्याने बोंडातून तो सोडवला की जंगम मालमत्ता झाली, आणि मालकाच्या संमतीविना, लबाडीने वेचला असेल तर त्याच क्षणी चोरीही झाली. भारतीय दंड संहितेने 1860 सालीच हे ठरवून ठेवले. किती वेचला, हे मात्र तिने विचारले नाही. बोचकेभर असो वा गाडीभर, कलम 378 एकच.

त्याआधी मराठी मुलखात हिशेब वेगळा होता. चोराचा माग जागल्याने काढायचा आणि तो ज्या गावच्या शिवेत जिरेल त्या गावाने भरपाई द्यायची. शिक्षेपेक्षा गेलेला माल महत्त्वाचा. घाटंजी ज्या वऱ्हाडात येते, तो 1853मध्ये निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली गेला, पण कागदोपत्री तो ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता, म्हणून तिकडचे कायदे इथे वेगळ्या हुकमांनी लागू करावे लागत.

दुसऱ्याच्या शाईत टाक बुडवणे हीसुद्धा व्याख्येने चोरीच, हे दंड संहितेच्या मेकॉलेने केलेल्या मसुद्यातच मान्य केले होते. त्यावर उतारा म्हणून कलम 95 आले: शहाणा माणूस तक्रारही करणार नाही इतकी क्षुल्लक हानी हा गुन्हा नव्हे. सरकारी पडीक जमिनीवरच्या झाडाच्या, जवळजवळ कवडीमोल शेंगा नेणाऱ्या कास्या बिन रावजीला मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच याच विचाराने सोडले. पण सगळेच इतके सुदैवी नव्हते. 1864च्या कायद्याने चोरीला फटक्यांची शिक्षा देता येई. ती उठली 1955मध्ये. आणि पूर्वी शिक्षा झालेला चोर पुन्हा सापडला, तर कलम 75 त्याला जन्मठेपेपर्यंत नेऊ शकत होते!

रकमेचा प्रश्न आला तो खटला चालवण्याच्या पद्धतीतून. झटपट, संक्षिप्त खटल्यासाठी 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 50 रुपयांची मर्यादा होती. ती 1973मध्ये 200, पुढे 2,000 आणि आता 20,000 झाली.

1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने मात्र रक्कम थेट शिक्षेत आणली. माल 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीचा, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, असे असेल तर शिक्षा समाजसेवेची. जुन्या फटक्यांपेक्षा हे केव्हाही शहाणपणाचे. पण अशी चोरी आता अदखलपात्रही झाली, आणि खरी अडचण इथे आहे. 2025-26च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे 61 किलोपर्यंत कापूस गेला तरी प्रकरण या मर्यादेच्या आतच. कोरडवाहू शेतकऱ्याला हा आकडा भुरटा वाटणार नाही.

तेव्हा घाटंजीच्या ठाण्यात तक्रार ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र म्हणून लिहिली गेली, तर नोंदीची प्रत घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. त्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही.