शिरपूर ते परळ : घराणं की सवय?

"घास उतरत नही," एवढंच म्हणून आजोबा ताटावरून उठायचे. आधी कळण्याची भाकरी सुटली, मग दुधात कुस्करलेली भाकरी, शेवटी नुसती पेज. शिरपुरात सगळे म्हणाले, पित्त असेल. दुर्बिणीने तपासलं तेव्हा अन्ननलिकेचा कर्करोग बराच पुढे गेला होता. मग रात्रीची एसटी, आग्रा रोड आणि परळचं टाटा रुग्णालय. खानदेशातल्या कितीतरी घरांना हा रस्ता पाठ आहे.

आजोबांच्या दहाव्याला मामेभावाने मोबाइल पुढे केला. थुंकीचा नमुना पाठवा, जनुकं तपासून देतो, अशी जाहिरात होती. "आपल्या रक्तातच असेल का रे हे?"

हाच प्रश्न परळमध्ये फार पूर्वी विचारला गेला होता. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. रुग्णाची जात, धर्म, गाव नोंदवून ते थांबले नाहीत. काय खाता, काय चघळता, कसं ओढता, हेही त्यांनी विचारलं. १९४५ साली त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी भारतातल्या तीन 'नव्या' कर्करोगांची नोंद केली. धोतर वर्षानुवर्षं घट्ट कसल्याने कमरेवर होणारा, चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात ठेवून ओढल्याने टाळूला होणारा आणि खैनी दाबून ठेवल्याने ओठाला होणारा. सवय जिथे टेकते तिथेच रोग उगवत होता.

पण खानोलकरांनी रक्ताचा प्रश्न सोडून दिला नाही. १९४९ साली एल. डी. संघवी आणि खानोलकरांनी मुंबईतल्या सहा समाजांमध्ये सात आनुवंशिक गुण तपासले. हे समाज आपापल्यातच लग्न करणारे, म्हणून त्यांच्यात असे फरक किती आहेत ते पाहायचं होतं. सहा वर्षांनी, १९५५ साली, याच दोघांनी राव यांच्यासह आणखी एक अभ्यास छापला. विषय होता तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या मार्गातले कर्करोग आणि तंबाखू. ओढणं आणि चघळणं, दोन्हींचा संबंध दिसला. म्हणजे आधी रक्त मोजणारी माणसंच पुढे सवयी मोजायला बसली होती.

मग रक्ताचा काहीच वाटा नाही? आहे. १९५३ साली इंग्लंडमध्ये एअर्ड आणि सहकाऱ्यांना दिसलं, की जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये 'ए' रक्तगट अपेक्षेपेक्षा जास्त आढळतो. पण हा फरक लहान होता. 'ए' गट असणाऱ्या बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही.

मोठा वाटा असलेलं जनुक १९९८ साली सापडलं, न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं जठराच्या कर्करोगाने जात होती. सीडीएच१ या जनुकातला बिघाड त्यामागे होता. आता अशा घरातल्या ज्यांच्यात तो बिघाड सापडतो, त्यांना आजार होण्याआधीच जठर काढण्याचा सल्ला दिला जातो. ज्यांच्यात सापडत नाही, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. पण जठराच्या कर्करोगात अशी आनुवंशिक प्रकरणं फार थोडी.

तिसरी तऱ्हा चीन-जपानकडची. तिथे अनेकांमध्ये एएलडीएच२ जनुकाचं असं रूप असतं, की दारू घेतली की चेहरा लाल होतो. दारूपासून बनणारं विषारी द्रव्य त्यांच्या शरीरातून लवकर निघत नाही. अशी माणसं पीत राहिली तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. प्यायलीच नाहीत, तर त्या जनुकाला काम उरत नाही. भारतात हे रूप दुर्मीळ आहे, पण त्यातून दिसणारी गोष्ट आपल्यालाही लागू पडते.

मामेभावाला मी सांगितलं, घरात दोघा-तिघांना जठराचा कर्करोग झाला असता, किंवा कुणाला तरुणपणी झाला असता, तर डॉक्टरांना जरूर विचारलं असतं. जाहिरातीच्या डबीत थुंकून मात्र नाही. आपल्या घरात आजोबा एकटेच. आणि कुणाचाही घास अडकायला लागला, तर पित्ताच्या गोळ्या खात बसायचं नाही.

तो ऐकत होता. गालात पुडी होती. आजोबांना तंबाखू त्यांच्या वडिलांनी शेतात लावली, मामाला आजोबांनी, याला मामाने.

"हे पण घराण्यातच आलं की," तो म्हणाला, आणि थुंकायला अंगणात गेला.