श्रमाची फी : साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजची कथा

आपल्या मंडळाची वार्षिक स्मरणिका हाती आली म्हणजे बहुतेक ज्ञातिबंधू प्रथम 'गुणवंत विद्यार्थी' हे पान उघडतात. कोणाचा चिरंजीव पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला, कोणाची कन्या प्राध्यापिका झाली, कोणते गुरुजी सेवानिवृत्त झाले, कोणत्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आपल्या मुलांनी बक्षिसे मिळविली, ही वार्ता वाचून आम्हांसही धन्यता वाटते. परंतु कॉलेजची वार्ता निकाल आणि नेमणुका एवढ्यावरच संपत नाही. ज्या कॉलेजात विद्यार्थ्याच्या गुणांबरोबर त्याच्या हातच्या कामालाही मोल होते, अशा एका कॉलेजचा इतिहास आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहो. त्या इतिहासाचा आपल्या मंडळाशी काय संबंध, हे शेवटी ओघाने येईलच.

या कथेचा उगम साताऱ्यास नव्हे, कोल्हापुरास आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी पाहिले की, खेड्यापाड्यांतील मुलांना शिकण्याची इच्छा आहे, पण शहरात राहावयास जागा नाही आणि पोटास अन्न नाही. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे असा प्रयत्न त्यांनी प्रारंभी करून पाहिला. परंतु त्या काळी तो साधला नाही. तेव्हा महाराजांनी व्यवहाराची वाट धरली. ज्या त्या समाजाने आपले वसतिगृह काढावे, दरबारने जागा व साहाय्य द्यावे, असे धोरण ठरले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ साली मुसलमानांचे, १९०७ साली लिंगायतांचे आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. शिंपी, दैवज्ञ, सारस्वत इत्यादी समाजही मागे राहिले नाहीत. आज महाराष्ट्रात ठिकठिकाणी ज्या ज्ञातिसंस्था व त्यांची वसतिगृहे दिसतात, त्यांतील बहुतेकांपुढे हाच कोल्हापूरचा धडा होता.

यांपैकी जैन बोर्डिंगात भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा एक विद्यार्थी राहत असे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जन्मलेला हा मुलगा शरीराने धिप्पाड आणि स्वभावाने हट्टी. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास तो गेला आणि परत आल्यावर विटाळ फेडण्यासाठी स्नान करण्यास त्याने नकार दिला. परिणामी त्यास बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यास आश्रय दिला. शालेय शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही गेले नाही. आपल्याच समाजाच्या वसतिगृहाने ज्याला आसरा दिला आणि त्याच वसतिगृहाने ज्याला बाहेर काढले, असा हा विद्यार्थी पुढे 'कर्मवीर' या पदवीस पोचला. आसरा व बहिष्कार या दोहोंचे धडे त्याने एकाच घरी घेतले होते.

पुढे ओगल्यांचे काचकारखाने, किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीच्या निमित्ताने भाऊराव खेडोपाडी हिंडले. नांगर विकता विकता त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे बिऱ्हाड साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीस जेवीत. कोल्हापुरास जे साधले नव्हते, ते येथे साधले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

वसतिगृह चालविणे म्हणजे रोज चूल पेटविणे. गृहिणींनी दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूस काढून ठेवावे, असा मुष्टिफंड भाऊरावांनी सुरू केला. तरीही एखादे दिवशी कोठीत दाणा नसे. अशा प्रसंगी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक करून अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. सोवळ्याओवळ्याच्या कडक वळणात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींची मुले पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळली. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेच्या इतिहासात देणगीदारांच्या याद्या पुष्कळ असतील. त्यांत पहिले नाव आम्ही या माउलीचे घालू.

यानंतरची वाट पायरीपायरीने चढलेली दिसते. १९३५ साली प्राथमिक शिक्षक तयार करण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले. कारण शाळा काढावयाच्या तर प्रथम शिक्षक हवे. १९४० साली महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल सुरू झाले. हायस्कुलातून मॅट्रिक झालेली मुले पुढे कोठे जाणार? पुण्या-मुंबईचा खर्च शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. या प्रश्नाचे उत्तर म्हणून जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले.

या कॉलेजचे वैशिष्ट्य 'कमवा आणि शिका' या तीन शब्दांत सामावले आहे. ज्या विद्यार्थ्याजवळ पैसा नाही, त्याने श्रमाची फी भरावयाची. दिवसाचे काही तास वर्गात, काही तास कामावर. शेती, भाजीपाला, बांधकाम, खडी फोडणे, यांपैकी कोणतेही काम हलके मानले जात नसे. सकाळी कुदळ धरलेला हात दुपारी शेक्सपिअरचे पान उलटीत असे. यामागील विचार वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. भाऊरावांना मुलांना फुकट शिकवावयाचे नव्हते. फुकट घेतलेल्या विद्येने मुलगा मिंधा होतो, दात्यासमोर त्याची मान खाली जाते. कष्टाने मिळविलेल्या विद्येने मान ताठ राहते, असे त्यांचे मत होते. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद याच अनुभवातून आले.

शिक्षकवर्गाची कथाही तितकीच बोधप्रद आहे. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे मूळचे याच वसतिगृहातील विद्यार्थी. ते विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. शहरात वकिली करून त्यांना सुखाने राहता आले असते. परंतु ते साताऱ्यास परतले, संस्थेच्या सेवेत राहिले, याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे १९७५ ते १९७८ या काळात शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्या पंगतीत जेवलो तेथेच पुढे वाढप करावयाचे, ही परंपरा त्या कॉलेजात रुजली.

वाट सरळ मात्र नव्हती. स्वातंत्र्यानंतर भाऊरावांच्या एका स्पष्टोक्तीवरून सरकारचा रोष ओढवला आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. तेव्हा संत गाडगे महाराजांनी बाळासाहेब खेर यांच्याजवळ शब्द टाकला व संकट टळले. पुढे १९५४ साली कऱ्हाडास निघालेल्या कॉलेजला गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले. १९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट्. ही पदवी दिली, त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले आणि ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला. कॉलेज प्रथम मुंबई, मग पुणे आणि १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेले होते. २०२१ साली कर्मवीरांच्याच नावाने साताऱ्यास विद्यापीठ स्थापन झाले. पुणे विद्यापीठातील 'कमवा व शिका' योजनेलाही त्यांचे नाव आहे. मॅट्रिक न झालेल्या माणसाच्या नावे विद्यापीठ व्हावे, हे वाचून आमच्यासारख्या मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या शिक्षकाचा ऊर भरून येतो.

आता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. ज्ञातीच्या वसतिगृहांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. कोल्हापूरचे जैन बोर्डिंग नसते तर भाऊराव कोल्हापुरास टिकले नसते. आपल्या पूर्वजांनी पै-पै जमवून बांधलेल्या वसतिगृहाने किती घरांत पहिला पदवीधर दिला, हे या स्मरणिकेचे वाचक जाणतातच. परंतु आज त्या वसतिगृहातील निम्म्याहून अधिक खोल्या रिकाम्या आहेत. आपली मुले आता मोठ्या शहरांत भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात, आणि त्यात वावगे काही नाही.

गतवर्षी जून महिन्यात दुसऱ्या समाजातील एका शेतमजुराचा मुलगा वडिलांसह आपल्या वसतिगृहाच्या दाराशी आला होता. कॉलेजात त्यास प्रवेश मिळाला होता, राहावयास जागा नव्हती. नियमावलीवर बोट ठेवून त्यास परत पाठविण्यात आले. तो निर्णय घेणाऱ्यांत आम्हीही होतो. नियमाप्रमाणे आम्ही चुकलो नाही. परंतु त्या रात्री आम्हांस मिस क्लार्क बोर्डिंगहून परतलेला तो हट्टी विद्यार्थी आठवला आणि आपण कोणत्या बाजूस उभे राहिलो, याची लाज वाटली. तो मुलगा पुढे कोठे गेला, हे कोणीच विचारले नाही.

म्हणून आगामी सर्वसाधारण सभेपुढे आम्ही दोन सूचना ठेवीत आहो. आपल्या समाजाच्या सर्व गरजू मुलांना प्रथम जागा द्यावी आणि उरलेल्या खोल्या कोणत्याही समाजाच्या गरीब विद्यार्थ्यास मिळाव्यात, ही पहिली. ज्यास शुल्क देणे शक्य नाही त्याने रोज दोन तास वसतिगृहाची बाग, ग्रंथालय व स्वयंपाकघर यांत काम करावे आणि तेच त्याचे शुल्क मानावे, ही दुसरी. सूचनांत दोष असतील तर सभासदांनी ते अवश्य दाखवावेत. मात्र जूनपूर्वी निर्णय व्हावा. त्या वेळी आणखी एखादा मुलगा दाराशी येईल आणि त्यास काय उत्तर द्यावयाचे, हे आपण आधी ठरविलेले असावे, एवढीच आमची विनंती आहे.