युगांडांतील तेलशोध आणि जुनें दप्तर

ग्रेट ब्रिटनमधील पेट्रोलियम-अन्वेषक मंडळ व ह्यूस्टन येथील भूशास्त्र मंडळ यांनीं एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून आफ्रिकेंतील तेलशोधाविषयीं परिषदा लंडन व ह्यूस्टन येथें आळीपाळीनें भरविल्या. अशा परिषदांत चर्चा नव्या शोधांची होते. परंतु त्यांचें मूळ पुष्कळदां जुन्या दप्तरांत असतें. युगांडाचेंच उदाहरण घ्यावें. सरकारी भूशास्त्रज्ञ ई. जे. वेलंड यांनीं आल्बर्ट सरोवराच्या परिसरांतील तेलझऱ्यांचा वृत्तांत १९२५ सालीं प्रसिद्ध केला. १९३८ सालीं बुटियाबानजीक खणलेली वाकी विहीर व्यापारदृष्ट्या निष्फळ ठरली. पुढें २००६ सालीं त्याच खोऱ्यांत व्यापारयोग्य तेल सांपडलें. तात्पर्य, निष्फळ शोधाचा कागदहि टाकाऊ नव्हे. म्हणूनच या परिषदांचीं सारांशपत्रें संग्राहकांनीं जतन करणें अगत्याचें आहे.