जड धातूंचे प्रदूषण आणि माशांचे प्रजनन

झाशी शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, बेतवा नदीच्या काठी पारीछा येथे कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र आहे. उत्तर प्रदेश राज्य विद्युत उत्पादन निगमचे हे केंद्र १९८० च्या दशकात सुरू झाले. जवळच एकोणिसाव्या शतकात बांधलेला पारीछा बंधारा असून त्याचे पाणी कालव्यांद्वारे बुंदेलखंडातील शेतीला मिळते. बेतवेत रोहू, कटला, मृगळ हे मासे आढळतात, तर वरच्या बाजूस ओरछा परिसरात महासीरचे वास्तव्य आहे. नदीकाठच्या अनेक कुटुंबांची उपजीविका मासेमारीवर अवलंबून आहे.

कोळशाच्या राखेत शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम तसेच आर्सेनिक व सेलेनियम ही द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. राख पाण्यात मिसळून राख बंधाऱ्यात सोडण्याची पद्धत देशात अनेक ठिकाणी आहे. असा बंधारा झिरपला, भरून वाहिला किंवा फुटला, तर ही द्रव्ये नदीनाल्यांत जातात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथील राख बंधारा फुटून राखमिश्रित पाणी परिसरात पसरले होते. शहरांतील सांडपाणी आणि कारखान्यांतील कचरा हेही या प्रदूषणाचे स्रोत आहेत. जड धातूंचे विघटन होत नाही. ते नदीच्या गाळात साचतात आणि कीटक, गोगलगायी यांच्यामार्फत माशांच्या शरीरात पोहोचतात.

मासे मरण्यासाठी लागणाऱ्या प्रमाणापेक्षा पुष्कळ कमी प्रमाणातही हे धातू प्रजननात अडथळा आणतात. मेंदूतील पीयूषिका ग्रंथी आणि जननग्रंथी यांच्यातील संप्रेरकांचे संतुलन कॅडमियम व पाऱ्यामुळे बिघडते. मादीच्या यकृतात तयार होणारे, अंड्यातील पीतकासाठी आवश्यक असे प्रथिन कमी पडते आणि अंडी अपरिपक्व राहतात. नराचे शुक्राणू पाण्यात आल्यावर जेमतेम मिनिट-दोन मिनिटेच हालचाल करू शकतात. दूषित पाण्यात त्यांची ही क्षमता आणखी घटते. अंडी फलित झाली तरी पिल्ले वाकड्या कण्याची निपजण्याची शक्यता असते. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. काठावर साचलेली राख व घाण पहिल्या पुराबरोबर नदीत येते, तोही हाच काळ असतो.

या संदर्भात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बेल्यूज तलावाचे उदाहरण महत्त्वाचे आहे. तेथील वीज केंद्राच्या राख बंधाऱ्यातील पाणी १९७४ पासून तलावात सोडले जात होते. राखेतील सेलेनियम अन्नसाखळीतून अंड्यांत उतरले. मोठे मासे वरकरणी निरोगी दिसत असतानाच त्यांची संतती निपजेनाशी झाली आणि काही वर्षांतच २० पैकी बहुतेक जाती तलावातून नाहीशा झाल्या. १९८० च्या दशकाच्या मध्यास राख कोरडी हाताळण्यास सुरुवात झाली व हे पाणी सोडणे थांबले. त्यानंतर मासे हळूहळू परतू लागले. गाळातील सेलेनियमचा परिणाम मात्र पुढेही जाणवत राहिला.

नदीतील मासे कमी होण्यास धरणे, वाळूउपसा आणि अतिरिक्त मासेमारी हीदेखील कारणे असतात. त्यामुळे केवळ मासळीच्या वजनावरून धातूंचा परिणाम ठरविता येत नाही. जलाशयांत दरवर्षी मत्स्यबीज व बोटुकली सोडली जातात, तेथे नैसर्गिक प्रजनन खुंटले तरी जाळ्यात मासे येतच राहतात. म्हणून पाण्याबरोबरच गाळाची तपासणी, शरीराच्या तुलनेत जननग्रंथींचे वजन, अंड्यांची संख्या आणि पावसाळ्यानंतर नदीत आढळणारी पिल्ले यांची नियमित नोंद आवश्यक ठरते.

केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२१ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रांवर राखेचा शंभर टक्के वापर करण्याचे बंधन आहे. सिमेंट, विटा व रस्तेबांधणी यांसाठी कोरडी राख उचलली गेल्यास बंधाऱ्यांवरील भार कमी होतो. मेलेले मासे तरंगताना दिसेपर्यंत वाट पाहिल्यास मात्र उपाययोजनेला उशीर झालेला असतो. हानीची पहिली खूण अंड्यांत आणि पिल्लांत दिसते, आणि शोधही तेथेच घ्यावा लागतो.