डिझेलमधले शेवटचे गंधक : सूक्ष्मनलिकेची शक्ती आणि सीमा

१. प्रश्न

बारा हजार लिटर डिझेलचा टँकर घेऊ. त्यातल्या इंधनाचे वजन साधारण १० टन. भारत स्टेज-३ मानकात गंधकाची मर्यादा वजनाने दशलक्षात ३५० भाग होती. म्हणजे या टँकरमध्ये साडेतीन किलो गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मध्ये ही मर्यादा १० भागांवर आली. आता त्याच टँकरात फार तर १०० ग्रॅम. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, सल्फेटचे बारीक कण तयार होतात, शिवाय धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक निकामी होऊ लागतात. म्हणून एवढी काटेकोर मोजदाद.

२. रुळलेला मार्ग आणि त्याची अडचण

तेलशुद्धीकरण कारखान्यांत गंधक काढतात ते हायड्रोजनने. कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनम उत्प्रेरकावरून, ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानाला आणि भरपूर दाबाखाली डिझेल व हायड्रोजन एकत्र नेतात. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतो. साधी गंधकसंयुगे लवकर तुटतात. चिवट ठरते ते ४,६-डायमिथाइल डायबेन्झोथायोफिन. त्यातल्या गंधकाच्या अणूशेजारी दोन्ही बाजूंना मिथाइल गट उभे असल्याने उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाला तो नीट भिडत नाही. शेवटच्या काही भागांसाठी जास्त दाब आणि जास्त हायड्रोजन खर्ची पडतो तो यामुळे.

३. निष्कर्षणाचे तत्त्व

दुसरा मार्ग रेणू न तोडता तो उचलून नेण्याचा. १९०८ साली लाझार एडेलेआनू यांची रीत रुमानियात वापरात आली : द्रवरूप सल्फर डायऑक्साइडने केरोसिनमधली ॲरोमॅटिक संयुगे वेगळी काढायची. डिझेलसाठी ॲसिटोनायट्राइल, डायमिथाइल फॉर्मामाइड यांसारखी ध्रुवीय द्रावके तपासली गेली. २००१ पासून आयनिक द्रवांचीही भर पडली. द्रावक आणि डिझेल एकमेकांत फारसे मिसळत नाहीत, पण डायबेन्झोथायोफिन दोन्हींत विरघळते. समतोल साधल्यावर द्रावकातली त्याची संहती भागिले डिझेलमधली संहती, हा वितरण गुणांक. आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण करून संयुगाचे सल्फोन बनवले, तर ध्रुवीयता वाढते आणि गुणांकही वाढतो.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. किती गंधक द्रावकात जाईल, हा समतोलाचा प्रश्न. किती वेळात जाईल, हा वेगाचा.

४. वेगाचा प्रश्न : सूक्ष्मनलिका

द्रवात रेणूला विसरणाने अंतर कापायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विसरणांक सेकंदाला १०⁻⁹ चौरस मीटर धरला, तर एक मिलिमीटरला सुमारे १,००० सेकंद लागतात आणि ०.१ मिलिमीटरला केवळ १०. सूक्ष्मनलिकेचे सगळे बळ या वर्गात आहे.

अर्ध्या मिलिमीटर व्यासाची टेफ्लॉनची नळी घ्या आणि तिच्या तोंडाशी ‘टी’ आकाराचा जोड बसवा. एका फाट्यातून डिझेल, दुसऱ्यातून द्रावक सोडा. टेफ्लॉन डिझेलने ओला होतो, म्हणून डिझेल भिंतीलगत अखंड वाहते आणि द्रावकाचे सारख्या लांबीचे तुकडे माळेतल्या मण्यांसारखे एकामागून एक सरकू लागतात. काचेची नळी घेतली तर उलट घडते : द्रावक भिंतीला धरतो आणि डिझेलचे तुकडे पडतात. प्रवाह शांत, स्तरीय असतो. सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाला रेनॉल्ड्स अंक दहाच्या आतच राहतो. तरी भिंतीच्या घर्षणामुळे प्रत्येक तुकड्याच्या पोटात द्रव गोल फिरत राहतो आणि आंतरपृष्ठाशी नवा द्रव येत राहतो.

ढवळण्याच्या टाकीतही बारीक थेंब पाडता येतात, पण ते लहानमोठे असतात, आणि फार बारीक थेंबांचे दुधासारखे पायस बनले की ते निवळायला तासन्‌तास जातात. नळीतले तुकडे एकसारखे असल्याने बाहेर पडताच वेगळे होतात.

५. समतोलाचा प्रश्न : पायऱ्या

नळीत दोन्ही द्रव एकाच दिशेने जातात. म्हणून ती दहा मीटर केली तरी हाती लागते ती समतोलाची एकच पायरी. नळी समतोलापर्यंत लवकर पोचवते, समतोल हलवत नाही.

याचा हिशेब करू. डिझेलमध्ये ५०० भाग गंधक आहे, वितरण गुणांक १ आहे. डिझेलच्या सहापट द्रावक एकदम मिसळला तर गंधक सातव्या हिश्शावर येतो, म्हणजे ७१ भाग. तोच द्रावक सहा समान वाट्यांत, दर वेळी ताजा वापरला तर प्रत्येक खेपेला निम्मा गंधक उरतो आणि शेवटी ७.८ भाग राहतात. कपडे खळबळणाऱ्याला हे ठाऊक असते : एका भरलेल्या बादलीपेक्षा तेच पाणी थोडेथोडे घेऊन साबण लवकर निघतो. आता पायऱ्या प्रतिप्रवाहाने जोडा, म्हणजे शेवटच्या पायरीतला द्रावक मागच्या पायऱ्यांना पुरवा. मग केवळ दुप्पट द्रावकात पाच पायऱ्यांनी ७.९ भाग मिळतात. द्रावक एक तृतीयांश, निकाल जवळजवळ तोच.

म्हणून खरी रचना नळी, विलगक, पुन्हा नळी अशी हवी. विलगकासाठी डिझेलने ओले होणारे सच्छिद्र टेफ्लॉन पटल वापरता येते : डिझेल त्यातून पाझरते, द्रावक अडतो.

६. आकाराचा प्रश्न

वरच्या नळीतून दिवसाला सुमारे ८५० मिलिलिटर द्रव जातो. निम्मा द्रावक धरला तर डिझेल जेमतेम ४२५ मिलिलिटर. मुंबईत माहुलला वर्षाला सुमारे १.२ कोटी टन कच्चे तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेला कारखाना आहे. अशा ठिकाणी रोज १०,००० टन डिझेल हाताळायचे ठरवले, तर एकेका पायरीला पावणेतीन कोटींहून अधिक नळ्या लागतील. स्तरीय प्रवाहात ठरावीक प्रवाहासाठी लागणारा दाब व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून एखादी नळी किंचित अरुंद निघाली तरी तिच्या वाट्याचा प्रवाह घटतो आणि डिझेल-द्रावकाचे प्रमाण बिघडते.

शिवाय गंधक एकटा जात नाही. डायबेन्झोथायोफिनचे रेणुवजन १८४, त्यातला गंधक ३२. म्हणजे एक किलो गंधकामागे पावणेसहा किलो इंधनद्रव्य निघून जाते, सोबत ओढली गेलेली इतर ॲरोमॅटिक संयुगे वेगळीच. ५०० भागांच्या डिझेलला हे ०.३ टक्क्यांच्या आत पडते. एक टक्का गंधक असलेल्या डिझेलला पावणेसहा टक्के. त्यावर द्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवण्याचा खर्च, आणि त्याचा नायट्रोजनयुक्त अंश डिझेलमध्ये उरू न देण्याची जबाबदारी.

७. निष्कर्ष

सूक्ष्मनलिकेने वेगाचा प्रश्न सोडवला आहे. मात्र शेवटचे गंधक निघण्याचा निर्णय वितरण गुणांक, पायऱ्यांची मांडणी आणि द्रावकाची पुनर्प्राप्ती यांवर होतो. त्यामुळे हायड्रोजनच्या संयंत्राची जागा ती घेणार नाही. तिची जागा दोन ठिकाणी आहे : गंधक आधीच कमी केलेल्या डिझेलवर शेवटचा हात फिरवताना, आणि प्रयोगशाळेत, जिथे काही मिलिलिटर डिझेलवर, काही मिनिटांत, नवा द्रावक पारखता येतो. त्या पारखणीत द्रावकाचा गुणांक एकाचा दोन झाला, तर पाच पायऱ्यांच्या प्रतिप्रवाहात तेच काम निम्म्या द्रावकात होते.