पहिल्या ऐकण्याचा न्याय

दिवाळीच्या फराळाबरोबर विलायती तबकड्यांची गोष्ट कशाला, असे घरातले एखादे आजोबा विचारतील. त्यांनी रागावू नये. गोष्ट गाण्यांची असली तरी मुळात ती न्यायनिवाड्याची आहे. आणि निवाडा म्हटला की आपल्या ओसरीवर चार माणसे जमतातच.

१९५० नंतरच्या दशकात रॉक अँड रोल नावाचा धांगडधिंगा अमेरिकेत सुरू झाला, तेव्हा त्याचे परीक्षण करावे असे शहाण्यासुरत्यांना क्वचितच वाटले. परीक्षण करायचे ते बीथोव्हेनचे, फार तर जॅझचे. ही पोरांची गाणी. आज वाजतील, उद्या विरतील! या समजुतीला मोठा हादरा बसला तो लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये. २७ डिसेंबर १९६३ च्या अंकात त्या भारदस्त पत्राचा संगीत-टीकाकार विल्यम मान याने बीटल्स या लिव्हरपूलच्या चार तरुणांवर गंभीरपणे लिहिले. एका गाण्याच्या अखेरच्या स्वरसंगतीत त्याला थेट गुस्टाव्ह मालरची आठवण झाली, आणि ‘ईओलियन कॅडन्स’ असा एक जडजंबाल शब्द त्याने वापरला. ज्याने ते गाणे रचले त्या जॉन लेननला या शब्दाचा अर्थ १९८० पर्यंत उमगला नव्हता. कुठल्याशा परदेशी पाखराचे नाव असावे तसे ते वाटते, असे त्याने मुलाखतीत सांगितले. मला यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. कवितेतला अलंकार मास्तरांना सापडतो, कवीला तो ठाऊकही नसतो. म्हणून अलंकार तिथे नसतो असे थोडेच?

पण भारदस्त पत्रांच्या कौतुकावर तरुण मंडळी थांबली नाहीत. आमच्या गाण्यांवर आम्हीच लिहू, असे म्हणून त्यांनी लेखण्या उचलल्या. १९६६ साली पॉल विल्यम्स नावाच्या सतरा वर्षांच्या कॉलेजकुमाराने ‘क्रॉडॅडी’ हे मासिक काढले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोलिंग स्टोन’ निघाले. गाणारे विशी-पंचविशीतले आणि न्यायाधीशही त्याच वयाचे, असा हा खटला होता.

त्यातला सर्वांत गाजलेला निकाल रिचर्ड गोल्डस्टीन याचा. १९६७ च्या जूनमध्ये बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ ही तबकडी बाहेर पडली. तिच्यावर महिनोन्‌महिने खपून त्यांनी सतार, तंतुवाद्यांचा ताफा, सर्कशीचे आवाज, काय काय भरले होते! जग डोलू लागले. आणि १८ जूनच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या बावीस वर्षांच्या पोराने लिहिले की, ही तबकडी अति लाड झालेल्या मुलासारखी आहे, नटवण्याच्या नादात गाणे हरवले आहे. शेवटच्या ‘अ डे इन द लाइफ’ची मात्र त्याने मनापासून स्तुती केली. पण स्तुती कोण वाचतो? वाचकांच्या संतप्त पत्रांचा पाऊस पडला. बिचाऱ्याला महिन्याभराने ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये आपली बाजू पुन्हा मांडावी लागली.

आता गंमत पाहा. याच गोल्डस्टीनने आदल्या वर्षी बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ला क्रांतिकारक म्हणून डोक्यावर घेतले होते. ‘रोलिंग स्टोन’ने २००३ साली सर्वकाळच्या पाचशे श्रेष्ठ तबकड्यांची यादी केली, तिच्यात ‘सार्जंट पेपर’ पहिली आली. गोल्डस्टीन हरला म्हणायचे. २०२० साली त्याच नियतकालिकाने नवी यादी केली. त्यात ‘सार्जंट पेपर’ चोविसावी आणि ‘रिव्हॉल्व्हर’ अकरावी! त्रेपन्न वर्षांनी बावीस वर्षांच्या पोराचे निम्मे अपील मंजूर झाले. पुढच्या यादीत काय होईल ते यादी करणारेच जाणोत.

परंतु अशा निकालांनी सगळ्यांचेच मनोरंजन होत नाही. १९६८ मध्ये जॉन लांडॉ या विशीतल्या परीक्षकाने ‘क्रीम’ या त्रयीच्या मैफिलीवर लिहिताना एरिक क्लॅप्टनची गिटार घासून गुळगुळीत झालेल्या ठरीव तानांची आहे, असा अभिप्राय दिला. क्लॅप्टनने पुढे सांगितले, की उपाहारगृहात बसून ते वाचताना आपल्याला भोवळ आली; कारण ते खरे आहे असे वाटले. वर्ष संपण्यापूर्वी क्रीम मोडली. माझ्या एका कादंबरीवर एका साप्ताहिकात तीन ओळींचे परीक्षण आले होते, त्यांतल्या दोन मुखपृष्ठाबद्दल होत्या. मला भोवळ आली नाही. भोवळ यायला समोरच्याने आधी नीट ऐकलेले असावे लागते.

लेस्टर बँग्जचे पाहा. एप्रिल १९६९ मध्ये त्याने डेट्रॉइटच्या ‘एमसी फाइव्ह’ची पहिली तबकडी पार झोडपली. पुढे तीच त्याची लाडकी झाली, आणि हे त्याने चारचौघांत लिहून टाकले. हा माणूस तेहतिसाव्या वर्षी, १९८२ साली गेला. त्याच्याइतके उलटसुलट लिहिणारा दुसरा कोणी नसेल. आणि त्याच्याइतका विश्वासही मला दुसऱ्या कोणाचा वाटत नाही. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ १९६९ पासून प्रत्येक तबकडीला शाळेसारखी ए, बी, सी अशी श्रेणी देऊ लागला. ते मला करमणुकीचे वाटते खरे, पण पेपर तपासून हात दुखलेल्या माणसाला गुणांचे फारसे अप्रूप राहत नाही.

या खटल्यात आपल्याकडचाही एक विद्यार्थी ओढला गेला होता. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच पोरांचा वाद्यवृंद जमवणारा फारूख बलसारा म्हणजेच ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी. १९७९ साली क्वीनच्या ‘जॅझ’ या तबकडीवर लिहिताना डेव्ह मार्शने ‘रोलिंग स्टोन’मध्ये या मंडळींना चक्क फॅसिस्ट ठरवले. दोन वर्षांपूर्वीचे ‘वुई विल रॉक यू’ त्याच्या डोक्यात बसले होते. हजारो माणसांना एका ठेक्यावर हलवणारे ते गाणे त्याला लष्करी हुकमासारखे वाटले. मला विचाराल तर शब्द साफ चुकला, पण त्याला भरलेली धडकी खोटी नव्हती. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पडदा उघडायला उशीर झाला, की मागच्या बाकांवरून तोच ठेका सुरू होतो. दोनदा पाय, एकदा टाळी. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळे सामील होतात, आणि मुख्याध्यापक उठून उभे राहिले तरी तो थांबत नाही.