चुकलेल्या उत्तरांनी काय शिकवलं?

'एवढंही कळत नाही का?' सहा-सात वर्षांच्या मुलांना हे वाक्य वरचेवर ऐकावं लागतं. पण उत्तर चुकलं म्हणजे बुद्धी कमी, असा अर्थ होतो का? या प्रश्नाचा इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो.

शाळेत जादा मदत लागणारी मुलं ओळखता यावीत म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापन चाचणी तयार केली. अशा चाचण्यांत मोजली जात ती बरोबर उत्तरं. १९२० च्या सुमारास ज्याँ पियाजे हा तरुण स्विस संशोधक पॅरिसमध्ये अशाच चाचण्यांवर काम करू लागला. तो मूळचा जीवशास्त्राचा, गोगलगायी-शिंपल्यांचा अभ्यासक. त्याचं लक्ष गेलं चुकलेल्या उत्तरांकडे. एका वयाच्या मुलांच्या चुका बऱ्याचदा सारख्याच होत्या! म्हणजे लहान मूल कमी नव्हे, वेगळ्या पद्धतीने विचार करत होतं.

पुढे जिनिव्हात त्याने मुलांवर अनेक साधे प्रयोग केले. दोन सारख्या पेल्यांत सारखंच पाणी घ्यायचं. मग एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचं. पाच वर्षांचं मूल बहुधा म्हणतं, "उंच पेल्यात जास्त आहे." सात-आठ वर्षांचं मूल सांगतं, "तेवढंच आहे, परत ओतून बघा." उंची आणि रुंदी यांचा एकत्र विचार त्याला आता जमतो. साधारण ७ ते ११ वर्षांच्या या टप्प्याला 'मूर्त क्रियात्मक अवस्था' म्हणतात. मूल तर्क करू लागतं, पण समोर दिसणाऱ्या वस्तूंच्या आधाराने. म्हणूनच अपूर्णांक पाटीपेक्षा पोळीच्या तुकड्यांवर लवकर समजतात.

पियाजेचंही सगळंच टिकलं नाही. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी मण्यांसारख्या वस्तूंच्या दोन ओळी मांडल्या. मोठ्या माणसाऐवजी एका 'खोडकर' टेडीने ओळ विस्कटली, तेव्हा चार ते सहा वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. प्रश्न कोण आणि कसा विचारतं, यावरही उत्तर ठरतं.

त्यामुळे वयाचे हे आकडे अंदाजे समजावेत. उत्तर चुकलं तर रागावण्याआधी "तुला असं का वाटलं?" एवढं विचारा. मात्र वाचन, मोजणी किंवा बोलण्यात मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा खूप मागे असेल, किंवा आधी येणाऱ्या गोष्टी विसरू लागलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.